शाळेत न रमलेला मुलगा : ॲन्सेल ॲडम्स

आपल्या वर्गात असं एखादं मूल असतंच. बाकावर दोन मिनिटं टिकत नाही, पुस्तक उघडलं की चुळबुळ सुरू, नजर सारखी खिडकीबाहेर. आज अशाच एका मुलाची ओळख करून घेऊया.

ॲन्सेल ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. चार वर्षांचे असताना तिथे मोठा भूकंप झाला. नंतरच्या एका धक्क्यात ते भिंतीवर आपटले आणि नाक कायमचं वाकडं झालं. शाळा तर त्यांना मानवेचना. एकामागून एक शाळा बदलल्या, तरी तेच. शेवटी १९१५ मध्ये वडिलांनी, चार्ल्स ॲडम्स यांनी, त्यांना शाळेतून काढलं.

पण घरी कोंडून नाही ठेवलं! शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचा वर्षभराचा पास मुलाच्या हातात दिला. जोडीला घरची शिकवणी आणि पियानो. जो मुलगा बाकावर टिकत नव्हता, तो पियानोपुढे तासन्‌तास बसू लागला. अचूकतेची सवय त्यांना इथे लागली.

१९१६ मध्ये योसेमिटीच्या सहलीत आईवडिलांनी त्यांना साधा ब्राउनी कॅमेरा दिला. मग डोंगर, कडे, खडक यांचं वेडच लागलं. १९२७ मध्ये हाफ डोम या प्रचंड कड्याचा फोटो काढताना शेवटची प्लेट उरली होती. त्यांनी लाल फिल्टर लावला. निळं आकाश जवळजवळ काळं उमटलं आणि कड्याची भव्यता उठून दिसली.

खरी परीक्षा झाली १९४१ च्या शरद ऋतूत, न्यू मेक्सिकोच्या ओसाड प्रदेशात. दिवसभर मनासारखा फोटो मिळाला नव्हता. गाडीने परतताना हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र दिसला. मावळतीचं ऊन स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलं होतं. गाडी थांबवून घाईघाईने कॅमेरा उभा केला, तर प्रकाश मोजायचं मीटरच सापडेना! पण चंद्र किती उजळ असतो, तो आकडा त्यांना पाठ होता. मनातल्या मनात हिशेब केला, भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवलं आणि पूर्ण एक सेकंद प्रकाश आत घेतला. दुसरी प्रत घ्यायला जावं, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

हाच त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो. गंमत म्हणजे तारीख लिहून ठेवायची राहिलीच. पुढे खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून ती शोधली : १ नोव्हेंबर १९४१.

२२ एप्रिल १९८४ रोजी त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी योसेमिटीच्या परिसरातील एका शिखराला त्यांचं नाव दिलं गेलं.

शाळा सोडली म्हणून ते मोठे झाले, असा अर्थ कुणी काढू नये. वडिलांनी शाळा सोडवली, शिकणं नाही. पाठांतर आणि गणित यांचा कंटाळा करणाऱ्या मुलांना तो एक सेकंद जरूर सांगा. आणि आपण मोठ्यांनी? उद्या ते चुळबुळं मूल खिडकीबाहेर बघू लागलं, तर रागावण्याआधी एकदा विचारूया, बाळा, काय दिसतंय तुला?