शब्द हरपले, सूर गवसले

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, न्यूपोर्ट न्यूज या गावी २५ एप्रिल १९१७ रोजी एला फिट्झजेराल्डचा जन्म झाला. पुढे तिची आई तिला घेऊन न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे राहावयास आली. घरी गरिबी होती. तरीही एलाला नृत्याचा छंद फार. परंतु १९३२ साली आईचे छत्र हरपले आणि पंधरा वर्षांची ही मुलगी पोरकी झाली. काही काळ तिला अनाथ मुलांच्या संस्थेत व काही काळ न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कंठावा लागला.

२१ नोव्हेंबर १९३४ रोजी हार्लेममधील अपोलो नाट्यगृहात हौशी कलावंतांची स्पर्धा होती. एलाला तेथे नृत्य करावयाचे होते. परंतु त्याच कार्यक्रमात दोघी बहिणींनी इतके बहारदार नृत्य केले, की तिचा धीर खचला. रंगमंचावर जाऊन परत फिरणे शक्य नव्हते. तेव्हा आईच्या आवडीच्या गायिकेचे स्मरण करून तिने गावयास आरंभ केला. गलबला करणारे प्रेक्षक हळूहळू शांत झाले आणि पहिले पारितोषिक तिलाच मिळाले. पुढच्याच वर्षी चिक वेब या नामांकित ढोलवादकाच्या वाद्यवृंदात तिला स्थान लाभले. १९३९ साली वेब निवर्तला, तेव्हा त्या वृंदाची धुरा अवघ्या बावीस वर्षांच्या एलाने उचलली.

तिच्या या संगीताचे नाव जॅझ. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी घडविले. त्यात ठरलेली चाल असते. पण त्या चालीच्या आधाराने कलावंत ऐन वेळी नवनवे स्वर रचीत जातो. आपल्याकडील तराण्याप्रमाणे केवळ निरर्थक अक्षरांनीही त्यात गाता येते. या प्रकारात एलाचा हात धरणारा कलावंत विरळाच होता.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनमध्ये तिचे गायन झाले. ते सभागृह हिटलरच्या राजवटीत बांधलेले होते, आणि त्याच राजवटीने जॅझला हीन ठरविले होते. आता तेथेच हजारो श्रोते एका कृष्णवर्णीय गायिकेसाठी जमले होते. तिने ‘मॅक द नाइफ’ हे गीत निवडले. त्याचा जन्म १९२८ साली त्याच नगरीतील एका नाटकात झाला होता. ते तिने पूर्वी फारसे गायिलेले नव्हते. मध्येच ती शब्द विसरली! वाद्ये तर वाजतच होती. एला थांबली नाही. आपण शब्द विसरलो, हेच तिने चालीत गुंफून हसतहसत सांगितले. मग लुई आर्मस्ट्राँग या थोर गायकाच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली आणि लय तिळभरही न ढळू देता गीत शेवटास नेले. सभागृह टाळ्यांनी दुमदुमून गेले. जॅझ म्हणजे काय, हे त्या रात्री श्रोत्यांना कोणी व्याख्यान देऊन शिकविले नाही. ते त्यांनी डोळ्यांदेखत घडताना पाहिले. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेला पुढे ग्रॅमी हा मानाचा पुरस्कारही मिळाला.

१५ जून १९९६ रोजी एलाचे निधन झाले. अपोलोमध्ये पाय लटपटले तेव्हा ती गाऊ लागली. बर्लिनमध्ये शब्द निसटले तेव्हाही ती गातच राहिली. साधना खरी असली, म्हणजे चुकीतूनही वाट सापडते.