आलेखातली चूक सुधारणारी परिचारिका

हातात दिवा घेतलेली परिचारिका ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०-१९१०) यांची ओळख. पण त्या संख्याशास्त्रज्ञही होत्या. क्रिमियन युद्धात, १८५४ मध्ये त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक दगावत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी महिनावार मृत्यू वर्तुळाकार आलेखात मांडले. सुरुवातीला मृत्यूंचा आकडा केंद्रापासूनच्या लांबीने दाखवला होता. पण लांबी दुप्पट झाली, की क्षेत्रफळ चौपट होते आणि डोळे फसतात. म्हणून १८५८ च्या आलेखात प्रत्येक पाकळीचा कोन समान ठेवून क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात आखले. अतिशयोक्ती गेली, तरी रोगबळींचा निळा भागच सर्वांत मोठा राहिला. लष्करातील स्वच्छतेच्या सुधारणांना त्याने बळ दिले.