रेड्याचा आवाज : विष्णुपंत दामले आणि संतचरित्राचे चित्रपटरूप

जुन्नर तालुक्यातील आळे येथे एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले तो रेडा परतीच्या वाटेवर या गावी विसावला, अशी लोकश्रद्धा आहे. आळ्याहून नारायणगाव, आंबेगाव तालुक्यातील मंचर आणि खेड ओलांडले की आळंदी येते. लोकस्मृतीने कथेला असा मुक्काम दिला. लिखित परंपरेतील तपशील मात्र तुटपुंजा आहे. ज्ञानेश्वरीत वा अमृतानुभवात हा प्रसंग नाही. महिपतींचा ‘भक्तविजय’ सिद्ध झाला तो १७६२ साली, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर (१२९६) सुमारे साडेचार शतकांनी. रेडा वेद बोलला, एवढे सांगितले की चरित्रकाराचे काम भागते. तो आवाज कसा होता, हे त्याला ठरवावे लागत नाही. चित्रपटकाराला ते टाळता येत नाही. हा प्रश्न ज्या दोघा दिग्दर्शकांपुढे उभा राहिला, त्यांतील एक विष्णुपंत गोविंद दामले होत.

दामले यांचा जन्म १८९२ साली पेण येथे झाला. कोल्हापुरात आनंदराव पेंटर यांच्या हाताखाली नाटकांचे पडदे रंगविण्यापासून त्यांच्या कलाजीवनास आरंभ झाला. पुढे बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले. तेथेच एस. फत्तेलाल या चित्रकाराशी त्यांचे आजन्म सहकार्य जुळले आणि १९२८ साली दोघांनी ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ साली ती पुण्यास आली. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांनी पत्करली. पडदा रंगविणारा हात आणि ध्वनी पारखणारा कान, अशी ही दुहेरी सिद्धता होती.

‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात तिचा प्रत्यय आला. शिवराम वाशीकर यांच्या पटकथेत सदेह वैकुंठगमनासारखा अद्‌भुत प्रसंग आहे. परंतु त्याआधी जिजाईचा संसार, मुलांची भूक आणि नवऱ्याविषयीचा तिचा वैताग प्रेक्षकाच्या परिचयाचा होतो. परंपरेने मोकळ्या सोडलेल्या जागा दामले-फत्तेलाल यांनी घरगुती वास्तवाने भरल्या. त्यामुळे अखेरचे विमान हा केवळ चमत्कार राहत नाही. मागे राहणाऱ्या स्त्रीचे दुःखही त्याच दृश्यात सामावते. व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) अधिक अवघड होता. चालणारी भिंत ही दृश्याची किमया होय, तर बोलणारा रेडा ही मुख्यतः ध्वनीची. येथे धोका केवळ तांत्रिक नव्हता. या कथेचे मर्म प्राण्याच्या वाचेत नसून संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांच्या अवहेलनेत आहे. किमया वरचढ ठरली तर अवहेलना विसरली जाते. किमया फसली तर कथाच हास्यास्पद होते. शिवाय वाचकागणिक वेगळा असणारा आवाज एकदा मुद्रित झाला की तोच एक उरतो. रिकामी जागा भरणे म्हणजे इतर शक्यता मिटविणे, हे रूपांतरकाराचे अटळ उत्तरदायित्व येथे स्पष्ट दिसते.

१९४१ च्या ‘संत सखू’नंतर शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि १९४५ साली दामले यांचे निधन झाले. पुढे प्रभातचा कारभारही थांबला. १९६० साली त्याच आवारात चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली. चित्रपटाला पैठणचा क्षण हवा होता. आळ्याने त्या क्षणानंतरची सोबत जपली. एकाच त्रोटक कथेची ही दोन रूपांतरे होत. त्यांतील एकाला दामले यांनी आवाज दिला; दुसऱ्याला आवाजाची गरज भासली नाही. संतचरित्राच्या अभ्यासात दोहोंचा विचार एकत्र झाला पाहिजे.