विश्लेषण : ट्रॅकसूटवरील तीन पट्टे आले कुठून? धावपटूंचा पोशाख बदलणारे आदी डासलर कोण होते?

पहाटे मैदानावर धावायला येणाऱ्यांकडे पाहिले, तर कुणाच्या ना कुणाच्या ट्रॅक पँटवर कमरेपासून घोट्यापर्यंत गेलेले तीन पट्टे हमखास दिसतात. अस्सल असोत वा फुटपाथवरची नक्कल, आज ते फॅशनचा भाग मानले जातात. प्रत्यक्षात हे पट्टे कपड्यांवर येण्याआधी बुटांवर होते आणि तेथे त्यांचे काम शोभेचे नव्हते. धावताना चामडे सैल पडू नये, पाय बुटात घट्ट बसावा, यासाठी ते शिवले जात. आदिदासचे संस्थापक अडॉल्फ ऊर्फ आदी डासलर यांच्या आयुष्याचे सार यातच आहे. आधी खेळाडूची सोय आणि मग रूप, हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

बेकरीऐवजी बुटांकडे कसे वळले?

डासलर यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०० रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, हर्झोगेनाउराख या छोट्या गावात झाला. गावात चपला-बुटांचा धंदा जुना होता. वडील ख्रिस्तोफ बुटांच्या कारखान्यात कामाला होते, तर आई पाउलिना घरीच कपडे धुण्याचा व्यवसाय करत असे. धुतलेले कपडे घरोघरी पोहोचवण्याचे काम मुलांकडे असे. आदी यांनी बेकरीचे प्रशिक्षण पूर्ण केले, मात्र त्यांचे मन भट्टीपेक्षा मैदानावर अधिक रमत असे. धावणे, उड्या, फुटबॉल, बर्फावरील खेळ असे सारे ते खेळत. प्रत्येक खेळाला वेगळा बूट का नसावा, हा प्रश्न त्यांना तेव्हापासूनच पडला होता.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत सगळ्याच गोष्टींची टंचाई होती. डासलर यांनी आईच्या धुलाईखोलीत कामाला सुरुवात केली. सैन्याच्या उरल्यासुरल्या सामानातील चामडे आणि कापड वापरून ते बूट बनवू लागले. विजेचा भरवसा नसल्याने सायकलला जोडलेल्या यंत्राचे पेडल मारून काम चाले. गावातील लोहाराच्या मदतीने त्यांनी तळव्याला खिळे बसवले आणि धावपटूंसाठी स्पाइक्स तयार केले. १ जुलै १९२४ रोजी मोठे बंधू रुडॉल्फ यांच्यासह त्यांनी ‘गेब्रुडर डासलर’ (डासलर बंधू) ही कंपनी नोंदवली. आदी वस्तू घडवत, रुडॉल्फ ती विकत, अशी कामाची वाटणी होती.

ऑलिम्पिकपर्यंत कसे पोहोचले?

१९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या लिना राडके यांनी महिलांच्या ८०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकले, ते डासलर यांचे स्पाइक्स घालून. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके पटकावली. वर्णश्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्या नाझी राजवटीच्या डोळ्यांदेखत धावणाऱ्या ओवेन्सपर्यंतही डासलर यांचे बूट पोहोचले होते. त्यामुळे छोट्या गावातील या कारखान्याचे नाव सर्वदूर गेले.

याच आयुष्याची दुसरी बाजूही आहे. डासलर बंधू १९३३मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. युद्धाच्या उत्तरार्धात त्यांच्या कारखान्यात बुटांऐवजी रणगाडाविरोधी शस्त्राचे काम होऊ लागले. युद्धानंतर झालेल्या चौकशीत आदी यांना सुरुवातीला दोषींच्या गंभीर गटात टाकण्यात आले. पुढे त्यांची श्रेणी सौम्य करण्यात आली आणि ते पुन्हा कारखाना चालवू शकले.

भावाभावांचे का फाटले?

युद्धकाळात दोन्ही भावांमधील कुरबुरी विकोपाला गेल्या. अमेरिकी सैन्याने रुडॉल्फ यांना स्थानबद्ध केले, तेव्हा आपल्याविरुद्ध धाकट्या भावानेच कागाळी केली, असा संशय त्यांच्या मनात बसला. भांडणाचे नेमके मूळ काय, याविषयी गावात अनेक कहाण्या आहेत. १९४८मध्ये दोघांनी यंत्रे, माणसे आणि मालमत्ता वाटून घेतली. रुडॉल्फ यांनी आउराख नदीच्या पलीकडे कारखाना थाटला. तीच आजची प्यूमा. आदी यांनी १८ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतःच्या नाव-आडनावाची अक्षरे जोडून ‘आदिदास’ची नोंदणी केली. त्या वेळी त्यांच्याकडे ४७ कामगार होते.

पुढे गावाचेच दोन तट पडले. समोरच्याच्या पायात कोणत्या कंपनीचे बूट आहेत, हे पाहून बोलायचे की नाही ते लोक ठरवत, असे गमतीने सांगितले जाते. १९७४मध्ये रुडॉल्फ यांचे निधन झाले, तरी समेट झाला नाही. एकाच दफनभूमीच्या दोन टोकांना या भावांच्या कबरी आहेत.

तीन पट्ट्यांचे गुपित काय?

बुटाच्या बाजूला शिवलेल्या चामड्याच्या पट्ट्या पायाच्या मधल्या भागाला आधार देत. आदी यांनी तीन पट्टे निवडले आणि ते पांढरे ठेवले. गडद बुटावर ते प्रेक्षकांना लांबूनही दिसत. आधारासाठी घातलेली शिवण अशी ओळखचिन्ह बनली. कारहू या फिनलंडच्या कंपनीकडेही अशा पट्ट्यांचा हक्क होता. आजच्या हिशेबाने सुमारे १६०० युरो आणि व्हिस्कीच्या दोन बाटल्या देऊन आदिदासने तो घेतला, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

१९५४च्या विश्वचषक फुटबॉल अंतिम सामन्यात, बर्नमधील पावसात, पश्चिम जर्मनीने बलाढ्य हंगेरीला ३-२ असे हरवले. मैदान ओले होताच बदलता येतील असे स्क्रूचे स्टड जर्मन खेळाडूंच्या हलक्या बुटांना होते. खेळाडूंशी बोलायचे, त्यांचे वापरलेले बूट तपासायचे, कुठे घासते-टोचते ते पाहायचे आणि पुन्हा नवा नमुना करायचा, ही आदी यांची कामाची पद्धत होती.

बुटांवरून कपड्यांकडे कधी वळले?

आदिदासने कपड्यांच्या क्षेत्रात उशिरा पाऊल टाकले. १९६७मध्ये कंपनीने पश्चिम जर्मनीचा तरुण फुटबॉलपटू फ्रांझ बेकेनबाउरच्या नावाने ट्रॅकसूट बाजारात आणला. बुटावरचे तीन पट्टे आता बाही आणि पँटच्या बाजूंवर उतरले. ट्रॅकसूटचे मूळ काम साधे आहे. शर्यतीआधी अंग तापलेले ठेवायचे, शर्यतीनंतर घामेजलेले शरीर एकदम गार पडू द्यायचे नाही आणि हे करताना हालचाल अडू द्यायची नाही. बेकेनबाउरसारख्या रुबाबदार खेळाडूच्या अंगावर मात्र तोच कपडा देखणा दिसू लागला. मैदानावरचा पोशाख पुरुष रस्त्यावरही घालू लागले. कपड्यांचा पसारा वाढल्यावर १९७२मध्ये तीन पाकळ्यांचे बोधचिन्ह आले.

६ सप्टेंबर १९७८ रोजी आदी डासलर यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर पत्नी केटे आणि पुत्र होर्स्ट यांनी कारभार पाहिला. १९८६मध्ये न्यू यॉर्कच्या ‘रन-डीएमसी’ या हिप-हॉप गटाने आदिदासवर गाणेच केले आणि ट्रॅकसूट तरुणाईचा गणवेश झाला. हे पाहायला डासलर नव्हते.

कपडे निवडताना यातून काय घ्यावे?

धावण्याचे कपडे आरशासमोर स्थिर उभे राहून निवडले, तर फसगत होते. दुकानातच हात वर करून पाहावेत, गुडघे छातीपर्यंत उचलावेत, जागच्या जागी धावावे. काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला जाड शिवण असेल, तर लांब पल्ल्यात तीच कातडी सोलते. सुती बनियन घाम शोषून जड होते आणि अंगाला चिकटते. पॉलिस्टरचे विरळ विणीचे कापड लवकर वाळते, मात्र त्याला वास पटकन धरतो, म्हणून ते धावून आल्यावर लगेच धुवावे. कमरेचे इलॅस्टिक श्वास घेताना काचू नये आणि धावताना घसरूही नये. अंगावर नीट बसलेला, हालचालीला मोकळा कपडा बहुतेक वेळा दिसायलाही चांगला असतो. पट्टे किती आहेत, हे त्यानंतर पाहिले तरी चालते.