दादोबा पांडुरंग तर्खडकर

दादोबा पांडुरंग तर्खडकर (जन्म : मुंबई, ९ मे १८१४, मृत्यू : १७ ऑक्टोबर १८८२) हे मराठी व्याकरणकार, शिक्षक, ग्रंथकार आणि धर्मसुधारक होते. इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा उपयोग करून त्यांनी मराठीचे शालोपयोगी व्याकरण लिहिले. या कामगिरीमुळे त्यांना ‘मराठी भाषेचे पाणिनी’ असे संबोधले जाते.

== शिक्षण व नोकरी ==
दादोबांचे आरंभीचे शिक्षण मुंबईत पंतोजींच्या शाळेत झाले. पुढे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्यांनी इंग्रजीचे अध्ययन केले. त्या काळच्या इंग्रजी शिक्षणात लिंडले मरे यांच्या १७९५ सालच्या व्याकरणाचा मोठा दबदबा होता. शब्दांच्या जाती, त्यांची रूपे आणि वाक्यातील त्यांचे परस्परसंबंध यांची क्रमवार ओळख करून देणारे असे पुस्तक मराठी मुलांसाठी त्या वेळी नव्हते. परकी भाषा नियमाने शिकणारा विद्यार्थी स्वतःची भाषा मात्र केवळ सवयीने वापरीत असे. ही उणीव भरून काढण्याचे काम दादोबांनी ऐन तारुण्यात हाती घेतले.

जावरा येथील नबाबाचे शिक्षक, एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक, सुरतेच्या इंग्रजी शाळेतील शिक्षक आणि मुंबईच्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख अशी पदे त्यांनी भूषविली. १८५२ साली ते अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. उत्तरेस गोदावरीकाठच्या कोपरगावापासून दक्षिणेस भीमेपर्यंत आज पसरलेल्या या जिल्ह्यात त्यांनी भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामी भाग घेतला. त्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

== व्याकरणविषयक कार्य ==
‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा दादोबांचा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यापूर्वी विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले होते. परंतु ते इंग्रजीत होते व मराठी शिकू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी होते. दादोबांचा ग्रंथ मराठी भाषकांसाठी मराठीतच लिहिलेला होता. त्याची दुसरी आवृत्ती १८५० साली निघाली आणि पुढे अनेक आवृत्त्या झाल्या. मुलांसाठी त्यांनी लघुव्याकरणही लिहिले. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी व्याकरणाची ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली.

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी ही शब्दांच्या आठ जातींची शालेय मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरची आहे. ती रूढ होण्यात दादोबांच्या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. विभक्ती, समास व संधी यांच्या विवेचनासाठी मात्र संस्कृत परंपरेचा आधार घेतला गेला.

== इंग्रजी साचा व मराठी वाक्य ==
इंग्रजी व्याकरणाचा साचा मराठीला कितपत मानवतो, हा दादोबांच्या कार्यामुळे उभा राहिलेला महत्त्वाचा प्रश्न होय. वाक्यरचनेत तो विशेष जाणवतो. ‘मुलाने आंबे खाल्ले’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. इंग्रजीत ते कर्त्याचाच अनुरोध पाळते. म्हणून कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांचा विचार मराठीपुरता स्वतंत्रपणे करावा लागतो.

पदबंध व उपवाक्य यांबाबतही हेच दिसते. ज्या शब्दसमूहात स्वतःचे क्रियापद नसते तो पदबंध आणि ज्यात कर्ता व क्रियापद असूनही जो मोठ्या वाक्याचा भाग असतो ते उपवाक्य, हा भेद दोन्ही भाषांना लागू पडतो. परंतु इंग्रजीत जेथे संबंधी सर्वनामाने सुरू होणारे उपवाक्य सहज येते, तेथे मराठीत बहुधा धातुसाधिताचा पदबंध येतो. ‘काल आलेला पाहुणा’ ही मराठीची सहज रचना आहे. उपवाक्यच योजायचे झाल्यास ‘जो पाहुणा काल आला, तो आज गेला’ अशी जो-तो यांची जोडी येते आणि गौण वाक्य सामान्यतः आधी बसते. तसेच ‘गुरुजी म्हणाले की उद्या सुट्टी आहे’ आणि ‘उद्या सुट्टी आहे असे गुरुजी म्हणाले’ या दोन्ही रचना मराठीत चालतात. इंग्रजीतून शब्दशः भाषांतर करताना विद्यार्थी अडखळतो, तो प्रायः याच ठिकाणी.

दादोबांच्या व्याख्यांची व वर्गीकरणाची चिकित्सा पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रका’तील निबंधांतून केली. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात हा विचार अधिक सूक्ष्मपणे पुढे नेण्यात आला. या चर्चेला निश्चित पाया मिळाला तो दादोबांच्या ग्रंथामुळे.

== धर्मसुधारणा व इतर लेखन ==
सुरत येथे १८४४ साली स्थापन झालेल्या मानवधर्मसभेचे दादोबा हे एक संस्थापक होते. मुंबईतील परमहंस सभेचेही ते प्रवर्तक होते. जातिभेद न मानणाऱ्या या सभेचे कामकाज गुप्तपणे चाले. सभासदांची नावे उघड झाल्यावर १८६० च्या सुमारास ती मोडली.

‘धर्मविवेचन’ आणि ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ हे त्यांचे धर्मविषयक ग्रंथ होत. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका १८६५ साली लिहिली. तिच्या नावात त्यांनी आपल्या आईवडिलांची नावे गुंफली आहेत. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादित करून १९४७ साली प्रसिद्ध केले.

== कुटुंब ==
ब्रिटिश राजवटीवर परखड टीका करणारे भास्कर पांडुरंग आणि प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचे धाकटे बंधू होत. आत्माराम यांची कन्या अन्नपूर्णा हिने १८७८ साली तरुण रवींद्रनाथ ठाकुरांना इंग्रजी संभाषणाचे धडे दिले.

इंग्रजी शिकणाऱ्या अनेक पिढ्यांनी वापरलेली ‘भाषांतर पाठमाला’ आडनावाच्या साम्यामुळे कधी कधी दादोबांची समजली जाते. तिचे कर्ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकर होत.