अल-जझरी यांचं पाणघड्याळ
अल-जझरी यांनी दियारबकरच्या अर्तुकी दरबारात पाव शतक चाकरी केली. पन्नास यंत्रांचा ग्रंथ १२०६ मध्ये पूर्ण झाला. लोकांना त्यांचं हत्तीचं घड्याळ आठवतं. खरी करामत किल्ल्याच्या घड्याळात दडली आहे.

हौद उतरला की पाण्याचा जोर घटतो, वेळ चुकते. म्हणून खाली छोटी टाकी, तीत तरंगतं भांडं, त्यावर शंकूसारखं बूच. पाणी चढलं की बूच आवक रोखतं, उतरलं की सोडतं. ‘फीडबॅक’ म्हणतात तो हाच! तरी बारीक चूक उरतेच: भरल्या हौदाचा जोर आवरायला फट अरुंद हवी, म्हणजे पातळी किंचित वरच राहते.

आधीच्यांची प्रवाह-नियंत्रक तबकडीही त्यांनी तपासली. ती चुकीची निघाली, तेव्हा प्रयोग करून नवी आखली.