डॉ. कमलाबाई सोहोनी

चिरलेला बटाटा थोडा वेळ उघडा राहिला की काळवंडतो, हे तुम्ही घरी पाहिले असेल. ही किमया बटाट्याच्या पेशींतील विकरांची असते. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकरे म्हणतात. अशाच बटाट्याच्या पेशींचा अभ्यास करून एका मराठी विदुषीने विज्ञानात आपले नाव अजरामर केले.

कमलाबाई या माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या भगिनी होत.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि वडिलांच्याच संस्थेत प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला. तेथील संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती! कमलाबाई रडत बसल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या व रामन यांच्या दारी त्यांनी सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे समजले जाईल, आणि मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. हा अपमान त्यांच्या मनाला फार लागला व तो त्या जन्मभर विसरल्या नाहीत. तरीही श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांवर असे काम केले की, रामन यांचे मत पालटले आणि त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपली चूक सुधारावयास लावणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे बटाट्याचा अभ्यास करीत असता त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन आढळले. पेशीमध्ये तंतुकणिका नावाची सूक्ष्म अंगके असतात. अन्नातील शक्ती तेथे मोकळी होते. या कामी इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोचविण्याचे काम हे प्रथिन करते. प्राण्यांत ते असते, हे आधीच माहीत होते. वनस्पतीही त्याच रीतीने श्वसन करतात, हे आता उमगले. आमच्या वडनेर भोलजीच्या शिवारातील कपाशीच्या पानापानांत हेच काम अखंड चालू असते. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

परदेशात न रमता त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत अध्यापन करू लागल्या. डाळी, भाताचे पीठ आणि ताडामाडाची नीरा हे गरिबांच्या आहारातील पदार्थ त्यांनी संशोधनासाठी निवडले. नीरेवरील कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या संस्थेच्या संचालिकाही झाल्या. मात्र ते पद त्यांना फार उशिरा लाभले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या संघटनेत राहून खाद्यपदार्थांतील भेसळ कशी ओळखावी, हे त्यांनी गृहिणींना शिकविले. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.